सुपारीच्या जागी

किशोर महाराजांच्या डाव्या हाताला गेली चार वर्षं एक सुपारी बसत आली होती.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाआधी, गावातलं एखादं जोडपं महाराजांच्या जोडीचे पाय धुतं, गंध लावतं आणि बाईची ओटी भरतं. महाराज एकटेच आले असले तर शेजारच्या पाटावर मूठभर तांदूळ ओतायचे, त्यावर सुपारी ठेवायची आणि तिलाच हळदीकुंकू वाहायचं. शास्त्रात तशी सोय आहे. सुपारी बोलत नाही. तिला भूक लागत नाही. तिची कामाची पाळी बदलत नाही. "माई का नाही आल्या?" असं कुणी विचारलं की महाराज म्हणत, "घरी देव आहेत, पोर लहान आहे. आई उंबरा ओलांडून कशी येईल?" बाया गहिवरत. पुरुष माना डोलवत. आणि माई, म्हणजे मोहिनी, त्या वेळी सिन्नरच्या एका कारखान्यात डोक्याला निळी टोपी घालून मोटारगाड्यांच्या वायरींचे झुपके चिकटपट्टीने बांधत असे.

मोहिनी मूळची घोटीची. बाप भाताच्या गिरणीत हमाल, आई लोकांच्या खाचरात लावणीला. लग्न होऊन ती पंचवटीत आली तेव्हा किशोरजवळ एक वीणा होती, दोन धोतरं होती आणि एक आवाज होता. आवाज असा की रामकुंडावरच्या गर्दीत त्याने नुसती तान घेतली तरी रिक्षावाले वळून बघत. पण आवाजाला सप्ताहाचा हंगाम असतो आणि पोटाला नसतो. निकिता दीड वर्षाची झाली, घरमालक दारात येऊन बसू लागला, तेव्हा मोहिनी शेजारच्या विमलाबाईंबरोबर कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिची बोटं बघितली आणि घेतलं. किशोर त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो बोलला नाही यालाच दोघांनी होकार धरलं, आणि त्या न बोलण्यावर पुढे घर उभं राहिलं.

पुढच्याच वर्षी त्याची कॅसेट निघाली.

कॅसेट आईवरच्या कीर्तनाची होती. कोंबडीचा दृष्टांत. घार घिरट्या घालते, कोंबडी पंख पसरते, पिलं आत सरकतात. मग आवाज खाली आणून तो म्हणायचा, "आणि आजची कोंबडी? आजची कोंबडी भोंगा वाजला की पर्स उचलते. घार म्हणते, या बाई, जाऊन या. मी आहे पिलांपाशी." इथे मृदंग थांबायचा. मंडपात बायांचे हुंदके ऐकू यायचे. पंचवटीतल्या दुकानात ती कॅसेट हारांच्या आणि कुंकवाच्या पुड्यांच्या शेजारी लटकू लागली. तालुक्यातालुक्यातून आमंत्रणं आली. मोहिनीने एकदाच विचारलं होतं.

"माझी आई चिखलात वाकून लावणी करायची. मी बांधावर टोपलीत. तिच्यावर नाही कुणी कीर्तन केलं."

"शेताचं वेगळं," किशोर म्हणाला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते खोटं नव्हतं, त्याचा त्यावर विश्वास होता. "शेत म्हणजे घरच. पोर नजरेत असतं. परक्याच्या भोंग्यावर उठणं वेगळं."

"ती खाचरं परक्याचीच होती."

तो वीणेच्या खुंट्या पिळत बसला. मोहिनीने विषय वाढवला नाही, कारण तिलाही भीती होतीच. ती देवभोळी बाई होती. वायरी गुंडाळताना ओठांत हरिपाठ चालू असे. निकिताला ताप आला की तिला कोंबडी आठवे. हे पाप असेल का, असं ती पट्टी कापता कापता विचारी, आणि पट्टी सरळ कापली जाई.

सत्त्याण्णव सालच्या माघात किशोर खापरदरीच्या सप्ताहाहून एक दिवस मधेच घरी आला. तोंड उतरलेलं.

"सावळीराम ऐकत नाही," तो म्हणाला. "यजमान तोच आहे. म्हणतो, सुपारी नको. आमच्या गावात काल्याला माई पाहिजेतच."

"खापरदरी?" मोहिनीचा हात पिठातच थांबला. "अहो, तिथल्या बाया आहेत आमच्या कंपनीत."

"तिथल्या? सिन्नरच्या पुढे कुठल्या कुठे ते गाव."

"जीपने येतात. तुम्ही कधी विचारलंत का माझ्याबरोबर कोण असतं ते?"

त्याने खरंच कधी विचारलं नव्हतं. कंपनी म्हणजे त्याच्या डोक्यात एक पत्र्याची शेड होती, आणि तिच्यात बाया नव्हत्या, फक्त भोंगा होता.

"डोक्यावर पदर घे," तो शेवटी म्हणाला. "नऊवारी नेस, मोठं कुंकू लाव. तिथं टोपीत असतेस ना? कोण ओळखतंय. तासाभराचं तर काम. आणि तुझी सुट्टीच आहे त्या दिवशी."

सुट्टी होती, हेच वाईट झालं. रजा मिळत नाही असं तरी सांगता आलं असतं.

तिला त्याला एक गोष्ट सांगता आली नाही. खापरदरीची आशा तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायची. चहाच्या सुट्टीत एकदा आशा म्हणाली होती, "आमचा म्हातारा येका म्हाराजाची कॅसेट लावतो ताई, मी निघायच्या टायमाला बरोब्बर. ती कोंबडी बोलायला लागली की माझ्याकडं बघतो. मला तर वाटतं त्या म्हाराजाच्या घरी जाऊन त्याची कोंबडीच कापावी." सगळ्या बाया हसल्या. मोहिनीही हसली. "तुमचे मालक काय करतात वो?" असं आशाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देवाधर्माचं बघतात." त्या महाराजाचं नाव तिने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आशा कुणाची सून, हेही तिने कधी विचारलं नव्हतं.

निकिताला विमलाबाईंकडे सोडून ती सकाळच्या बसने निघाली. खापरदरीच्या मंडपात पाय ठेवला तेव्हा ऊन चढलं होतं. बाया दोन्ही बाजूंनी पाया पडायला पुढे आल्या. पदराच्या कडेखालून तिला फक्त हात दिसत होते, बांगड्या, भेगा पडलेली बोटं. एका हाताच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती. ती रेघ तिच्या स्वतःच्या नखाखालीही होती. चिकटपट्टीचा डिंक रॉकेलनेसुद्धा जात नाही. तिने अंगठा मुठीत घेतला.

पुढे दोन पाट मांडले होते. एका पाटावर किशोर बसला, पांढरा शुभ्र, कपाळावर बुक्का. त्याच्या डावीकडे मोहिनी बसली. समोर परातीत तांब्या, दूध, फुलं. मागे ध्वनिक्षेपकावर गावातलाच कुणी तरी सूचना देत होता, "माता-भगिनींनी शांतता राखावी, माई आलेल्या हायेत, सगळ्यांना दर्शन मिळंल."

सावळीराम पुढे आला. सत्तरीचा म्हातारा, पांढऱ्या मिशा, गळ्यात तुळशीची माळ. चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता, आणि तो आनंद बघूनच मोहिनीने पदर आणखी खाली ओढला. दुष्ट माणूस परवडतो.

"म्हाराज, पूजा माझा राजू अन् त्याची मंडळी करत्याल," तो म्हणाला. "त्याचं कारण हाय. मागून सांगतो."

राजू बसला, खाली मान घालून. त्याच्या शेजारी त्याची बायको बसली. तिने तांब्या उचलला, किशोरचे पाय धुतले, मग सरकून मोहिनीसमोर आली. पाण्याची धार पावलांवर पडली. थंड होती. बोटं पायावरून फिरली आणि मधेच थांबली.

मोहिनीने पदर जरासा वर केला. समोर आशा होती.

आशाने आधी तिच्या कुंकवाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, मग शेजारी बसलेल्या महाराजांकडे. तिच्या चेहऱ्यावर ओळख आली, तिच्या मागोमाग कोंबडी आली, आणि मग चेहरा कोरा झाला. तिने परत पाणी घातलं. ओठ न हलवता, परातीकडे बघत ती म्हणाली, "बऱ्या हायेत ना ताई?"

मोहिनीने अंगठा मुठीत आणखी घट्ट धरला.

"घाबरू नका," आशा पाय पुसत पुटपुटली. "मी काय बोलत नाय."

गंध लागलं. फुलं वाहिली. आता ओटी भरायची, उठायचं, संपलं. मोहिनीने श्वास सोडला. तेवढ्यात सावळीरामने हात वर करून ध्वनिक्षेपकवाल्याला गप्प केलं.

"थांबा. ओटी भरायच्या आधी येक काम हाय." तो गावाकडे वळला. "मंडळी, ही माझी सून. कंपनीत जाती. नातू नऊ महिन्यांचा हाय. मी लय सांगून बघितलं. पोरगं बी सांगून दमलं. म्हणलं, आता देवाच्या दारात सोक्षमोक्ष लावू. जी माउली लेकराला सोडून येक रात गावाला जात नाय, जिच्या जागी आजवर सुपारी बसली, तिच्या पायाला हात लावून ही शब्द देईल, की उद्यापासून कंपनी बंद. मग माई तिची ओटी भरतील. म्हणजे शब्द पक्का."

मंडपात कुजबुज झाली आणि विरली. हे आशालाही ठाऊक नव्हतं. तिने राजूकडे पाहिलं. राजू परातीतली फुलं मोजल्यासारखा खाली बघत राहिला.

"ठेव हात," सावळीराम म्हणाला. आवाज मऊ होता.

आशाने हात ठेवला. मोहिनीच्या ओल्या पावलावर तो हात पडला, उजवा, काळ्या रेघेचा. त्या हाताला पट्टी कशी गुंडाळतात ते मोहिनीनेच शिकवलं होतं, पहिल्या आठवड्यात, आशाची बोटं सोलवटली होती तेव्हा. तो हात आता हलत नव्हता. जड झाला होता, दगडासारखा. आशा मान वर करत नव्हती. एक शब्द तिने उच्चारला असता तर ही पूजा तिथेच मोडली असती, आणि तो शब्द ती उच्चारत नव्हती. तिने दोन मिनिटांपूर्वी शब्द दिला होता, आणि तो पाळण्यासाठी ती दुसरा शब्द द्यायला निघाली होती.

"बोल," सावळीराम म्हणाला. "माईंच्या पायाची आण..."

"माईंच्या पायाची..." आशा म्हणाली.

मोहिनीने पाय मागे घेतला.

परात कलंडली. दूध-पाणी किशोरच्या धोतरावर गेलं. पूजेला लावलेला पाय मागे घेणं म्हणजे पूजा नाकारणं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. कुणी तरी "अगं बाई" म्हणालं.

"पाय ठेव," किशोर दबक्या आवाजात म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, समोर हसत होता. "मोहिनी. पाय ठेव."

"माझ्या पायावर आण घेऊ नकोस," मोहिनी आशाला म्हणाली. आवाज हळूच होता, तरी मंडप एवढा शांत होता की तो शेवटपर्यंत गेला. "हे पाय रोज तुझ्या शेजारीच असतात. टेबलाखाली."

सावळीरामला कळलं नाही. "काय म्हणता माई?"

"मी कंपनीत जाते बाबा. हिच्याच कंपनीत. चार वर्षं झाली. म्हणून सुपारी बसत होती."

सावळीरामने तिच्याकडे पाहिलं. मग महाराजांकडे. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. भर बाजारात कुणी टोपी उडवावी तसा त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

मागून एक तरुण पोरगा ओरडला, "मग ती कोंबडी कुणाची हो म्हाराज?" हशा पिकला. कुणी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"गप ऱ्हावा!" सावळीराम गरजला. मग हात जोडून किशोरकडे वळला. "म्हाराज, मी अडाणी माणूस. कॅसेट ऐकून ऐकून मी घरात रोज भांडण काढलं. आता तुमीच सांगा. आईनं घरात ऱ्हायचं का नाय? सुनंनं शब्द द्यायचा का नाय?"

किशोर उठला. धोतराला ओला डाग होता. तो डागच तो हाताने झटकत राहिला.

आणि तेवढ्यात बायांच्या बाजूने एक म्हातारी उठली. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत. ती नवसाबाई होती, सावळीरामची बायको. तिच्या काखेत नऊ महिन्यांचं पोर होतं, गुबगुबीत, तोंडात बिस्किटाचा लगदा.

"शास्तर मागून इचारा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी सगळे माउली माउली करताय. हे पोरगं दिसभर कोण बघतं? मी बघते. दोन डझन लंगोट कोण धुतं? तुमची कोंबडी? माझे गुडघे गेले. मी सुनंला घरी बस म्हणते ते काय पापापुण्यासाठी नाय म्हणत. मला हुत नाय म्हणून म्हणते. मला इचारलं का कुणी?" मग ती मोहिनीकडे वळली. "तुमी खरं बोलला, बरं केलं. आता येवढं सांगा. तुमची पोरगी कोण सांभाळतं?"

मोहिनीने तोंड उघडलं आणि तिला किशोरचे डोळे दिसले.

त्या डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती. पहाटे ती निघाली की दाराला आतून कडी लागायची. मग किशोर निकिताला न्हाऊ घालायचा, पोळीला तूप लावून गुंडाळी करायचा, तिच्या डोक्यातल्या उवा काढायचा. आजारपणात उशाशी तोच बसायचा. कुणी दार वाजवलं तर फणी गादीखाली जायची आणि वीणा गळ्यात यायची. बायको कंपनीत जाते हे एक वेळ गाव पचवेल. महाराज वेणी घालतात, हे? तिने तोंड मिटलं.

"कीर्तनात सांगतो," किशोर घाईने म्हणाला. "सगळ्याचं उत्तर कीर्तनात देतो."

ओटी भरली गेली नाही. नारळ परातीशेजारी तसाच पडला. आशा उठून बायांमध्ये जाऊन बसली. मोहिनीसाठी आत घरात चटई घातली होती, पण ती तिथे गेली नाही. ती बायांच्या रांगेत, जिथे जागा होती तिथे टेकली. शेजारच्या दोघी सरकल्या. जागा देण्यासाठी सरकल्या की लांब जाण्यासाठी, ते कळेना.

कीर्तन सुरू झालं. नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. वस्त्यांवर बातमी गेली होती, मळ्यातून लोक मोटारसायकलींवर आले होते. किशोर वीणा गळ्यात अडकवून उभा राहिला. पहिल्या तानेत आवाज चिरला. मोहिनीच्या अंगावर काटा आला. तिला वाटलं, हा आवाज तुटला तर आपण आयुष्यभर त्याचे तुकडे वेचत बसू. दुसऱ्या तानेला तो सावरला, आणि मग चढला. तो कृष्णाच्या खोड्यांवर गेला, शिंकाळ्यावर गेला, लोकांना हसवलं. मग थांबला. टाळकऱ्यांनी टाळ छातीशी धरले. आता, हे सगळ्यांना कळलं.

"कासवी," किशोर म्हणाला.

पुढच्या रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या.

"कोंबडी तुम्ही ऐकली. आज कासवी ऐका. कासवीची पिलं ऐलतीरी, कासवी पैलतीरी. तिला पंख नाहीत, दूध नाही. ती पिलांना काय देते? नजर देते. पैलतीरावरून ती नुसती बघते, आणि त्या बघण्यावर पिलं वाढतात. संतांनी देवाला कोंबडी नाही म्हटलं, कासवी म्हटलं. देव तरी कुठे घरात बसलाय? तो विटेवर उभा आहे, आणि त्याची नजर तुमच्या चुलीपाशी आहे."

मृदंग कडाडला. पुरुषांनी जयजयकार केला. एका म्हाताऱ्याने उठून किशोरच्या पायावर डोकं ठेवलं. सुंदर बोलला तो. मोहिनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी पुसता पुसता तिला कळलं की ती पुन्हा पाटावर बसली आहे. सुपारी होती, आता कासवी झाली. हा दृष्टांतही दुकानात लटकेल. कासवीला दमायला होत नाही. कासवीला गाडी चुकत नाही. पैलतीरी उभी राहून डोळे वटारून बघत राहायचं, की झालं.

सावळीराम उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "कळलं म्हाराज," तो मोठ्याने म्हणाला. "नजर पायजे. म्हणजे लेकरू आईच्या नजरेच्या टप्प्यात पायजे. म्हणजे घरातच पायजे. आशा, ऐकलं का?"

"तसं नाही बाबा," किशोर म्हणाला, आणि लगेच त्याने नामघोष सुरू केला. सगळ्यांनी तो उचलला. टाळांचा गदारोळ झाला. त्या गदारोळात आशा मान खाली घालून बसली होती, आणि राजू पुरुषांच्या रांगेतून तिच्याकडे बघत टाळ्या वाजवत होता.

कुणी तरी मोहिनीच्या खांद्यावर हात ठेवून खाली टेकलं. नवसाबाई होती. पोर तिने आशाच्या मांडीत टाकलं होतं.

"चांगलं सांगितलं तुमच्या मालकांनी," ती म्हणाली. "पण कासवाच्या पोरांची शी कोण काढतं, ते नाय सांगितलं. कासवीला सासू नसंल." तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला. "माझं उत्तर राहिलं माई. तुमची पोरगी कोण सांभाळतं?"

मोहिनीने किशोरकडे पाहिलं. तो डोळे मिटून नाचत होता.

"तिचा बाप," ती म्हणाली.

"कोण?"

"हेच. महाराज. मी पहाटे निघते. अंघोळ, डबा, शाळेत सोडणं, सगळं हेच करतात. कीर्तनाला जायचं नसलं की दिवसभर तेच."

नवसाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "येणी बी?"

"वेणी पण. दोन घालतात. रिबिनी लावून. माझ्यापेक्षा नीट घालतात."

पुढच्या रांगेतली एक बाई वळली. तिने दुसरीला कोपराने ढोसलं. "काय म्हणती? म्हाराज?" "येणी घालतात." "गप गं!" "शप्पत!" रांगांमधून ते सरकत गेलं, पदराआडून, हसण्याआडून. आशापर्यंत गेलं. आशाने मान वर केली, आणि दिवसभरात पहिल्यांदा मोहिनीकडे सरळ पाहिलं.

नवसाबाई हसली नव्हती. ती विचार करत होती. मग तिने मोहिनीच्या खांद्यावर भार दिला आणि उठली.

"मग हे का नाय सांगत माइकात?" ती म्हणाली. "आमच्या राजूला ऐकू द्या की. कासवी कशाला पायजे? घरातली गोष्ट सांगा म्हणावं."

"आजी, नको," मोहिनी म्हणाली. "त्यांचं नाव आहे. त्यांना लाज वाटते."

"लाज मला बी वाटते म्हाताऱ्याफुडं बोलाया. चला. माझे गुडघे न्हाईत, धरा मला."

मोहिनी बसून राहू शकली असती. म्हातारीचा हात सोडवून घेतला असता तर ती एकटी तिथवर पोचली नसती, खालीच बसली असती. मंडपाच्या टोकाला किशोर गात होता, घामाने भिजला होता, सुखात होता. चार वर्षांत त्याने घरात तिला कधी उपाशी निजू दिलं नव्हतं, आणि मंडपात कधी तिचं नाव घेतलं नव्हतं.

ती उठली. तिने म्हातारीला काखेत धरलं आणि दोघी बायांच्या रांगा ओलांडून मधल्या वाटेवर आल्या. मधली वाट पुरुषांची होती. माणसं चिडून मागे वळली आणि नवसाबाईला पाहून बाजूला झाली. टाळ एकेक करून थांबत गेले. मागे पावलं वाजली. आशा पोर घेऊन येत होती. राजूजवळ ती थांबली, पोर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि तशीच पुढे आली.

किशोरने डोळे उघडले. समोर तिघी होत्या. त्याने मोहिनीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काय सांगितलं गेलंय ते वाचलं, आणि त्याचा हात नकळत वीणेवरून खाली घसरला.

"म्हाराज," नवसाबाई म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. "सकाळचं इचारलं हुतं. कीर्तनात सांगतो म्हणला हुता."

मृदंगवाल्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, तरी त्याचा हात थांबला.